नातेवाईक नाहीत

"इथं सही करा, दाक्षायणीबाई," अधीक्षकांनी कागद पुढे सरकवला. "मुलीला नातेवाईक नाहीत, एवढंच लिहिलंय. नवी पेठेतले कापडवाले उद्या येऊन तिला घेऊन जातील."

"सांभाळायला नेत्यात, का भांडी घासायला?"

"तीन वर्षांत कुणी फिरकलं का तिच्यासाठी? इथं राहून तिचं काय भलं होणार आहे?"

सत्तर साल होतं. दाक्षायणी त्या बालगृहात मुलांचं न्हाणंमाखणं, जेवणखाण बघायची. शहरातली दंगल शमल्यावर पोलिसांनी ही मुलगी आणून सोडली, तेव्हा ती चारेक वर्षांची असेल. जळलेल्या गल्लीतल्या एका न्हाणीत सापडलेली; कुठल्या घरातली, ते सांगायला तिथं कुणी उरलं नव्हतं. तेव्हापासून ती एक शब्द बोलली नव्हती. तिचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं.

गेल्या दिवाळीत दाक्षायणीचा धाकटा भाऊ ईरप्पा फराळाचा डबा द्यायला आला होता. त्याला पाहताच मुलगी खाटेखाली शिरली आणि तिथंच तिला लघवी झाली. त्या दिवशी घरी गेल्यावर दाक्षायणीनं विचारलं, "ईरप्पा, दंगलीत तू कुटं होतास?"

तो म्हणाला, "कल्हईवाल्याच्या घरापुढं. मी नुसता हुबा होतो की, अक्का. हात न्हाय लावला."

"घरात कोण होतं?"

"मला काय बी इचारू नगं."

आठ महिने दाक्षायणीनं हे कुणाला सांगितलं नाही. मुलीची वेणी घालताना मात्र तिचे हात मधेच थांबायचे.

आता तिनं कागद परत सरकवला. "सही करत न्हाय, साहेब. ती कल्हईवाल्याची लेक हाय. चौकशी करा, तिचं कोनतरी आसंल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"माझा भाऊ तितं हुबा होता." तिनं कागदावर बोट ठेवलं. "हे बी लिवा."

पोलिसांनी ईरप्पाला नेलं. त्या दिवसापासून आईनं दाक्षायणीशी बोलणं टाकलं.

चौकशीत मुलीची आजी सापडली, गुलबर्ग्याला. आली ती दाराशीच जमिनीवर बसली. "मेरेकु बोले, सब मर गये," ती दाक्षायणीला म्हणाली. मग हलकेच हाक मारली, "हलीमा, नानी आयी गे."

मुलगी हलली नाही. आजीनं पुन्हा हाक मारली नाही, नुसती बसून राहिली. उन्हं कलली तेव्हा मुलगी उठली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर जाऊन बसली.

कोर्टाचा हुकूम झाल्यावर दोघी निघाल्या. दाक्षायणी फाटकात उभी होती. आजीचं बोट धरून मुलगी चालत होती. समोरून कुणी पुरुष आला की ती बोट सोडून आजीच्या पलीकडं जाई, दुसरा हात धरी. कोपऱ्यापर्यंत तिनं चार वेळा बाजू बदलली. आजी दर वेळी तिच्यासाठी थांबत होती.