कार्ड नंबर चारचा पेशंट

मी गेली चौदा वर्षं खोटा पेशंट आहे. आरोग्य केंद्रांत नवीन माणसं लागली की त्यांना क्षयरोग ओळखायचं आणि औषधं द्यायचं प्रशिक्षण देतात. शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा असते, तिला पेशंट लागतो. खऱ्या पेशंटला बाराजणांनी तेच तेच विचारलं तर तो उठून जाईल. मला उठून जायची सोय नव्हती, कारण शिकवायला आमची हीच होती.

पेशंटची कार्डंही तिनेच लिहिली होती. माझं नंबर चार. ट्रकचालक, तीन आठवडे खोकला, संध्याकाळी बारीक ताप, घरी एकटा. विचारल्याशिवाय काही सांगायचं नाही. वजन कमी झालं का असं विचारलं तर ‘छे’ म्हणायचं, कपडे सैल झाले का विचारलं तरच ‘हो’. माणसं काट्यावर रोज उभी राहत नाहीत, कपडे मात्र रोज घालतात, असं तिचं म्हणणं. भाजी चिरता चिरता माझी तालीम घ्यायची. एकदा मी परीक्षेत न विचारता ताप सांगून टाकला, तर घरी येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

ती गेली त्याला अकरा महिने झाले. तिच्या जागी आलेल्या नव्या सरांनी निरोप पाठवला, काका, यंदाही याल ना. मी हो म्हणालो.

अडचण एवढीच होती की यंदा मला खरंच खोकला होता.

तोही तीन आठवड्यांचा, अगदी कार्डात लिहिल्याप्रमाणे. संध्याकाळी अंग कणकणायचं. पहाटे बनियन पिळून घ्यावा इतका ओला. याचा अर्थ चौदा वर्षं त्या खुर्चीत बसलेल्याला न कळायला काय झालं? पण मी प्रत्येक गोष्टीला कारण शोधून ठेवलं होतं. जेवण जात नाही, तर बायको गेल्यावर कुणाला जातं? घाम येतो, तर खोलीच कोंदट. खोकला, तर धूळ. ही असती तर तिसऱ्या दिवशी मला हाताला धरून नेलं असतं.

घरी मुलगा, सून आणि तीन वर्षांची नात. ही गेल्यापासून नात माझ्या शेजारी झोपते. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतःची उशी घेऊन आली आणि आजीच्या जागेवर आडवी झाली. तपासणीला गेलो तर पहिलं काम म्हणजे तिला उचलून दुसऱ्या खोलीत नेणार, हे मला माहीत होतं. नाही गेलो तर तिला काय होऊ शकतं, तेही माहीत होतं. या दोन्हींच्या मधे मी तीन आठवडे काढले.

शेवटी मनाशी पैज लावली. परीक्षेत बाराजण मला तपासणार. एकाने जरी ओळखलं तर निमूट जायचं. कुणालाच नाही कळलं, तर मला काही झालेलं नाही. तेव्हा हा विचार मला फार शहाणपणाचा वाटला होता.

परीक्षेची खोली लांबट, खिडकी एकच आणि तीही बंद. तिच्या दोन्ही दारांवर मिळून एक मोठा तक्ता चिकटवला होता, ‘खिडक्या उघड्या ठेवा’. खिडकी उघडली तर तक्ता फाटला असता.

पहिला आला तो एका दमात बोलणारा. चहाच्या वेळेपर्यंत सगळे त्याला रेडिओ म्हणायला लागले होते. त्याने पंधरा प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर ऐकलं नाही. मधे मला उबळ आली, तेव्हा तेवढा थांबला आणि सरांना म्हणाला, काकांचा खोकला जबरदस्त आहे. सर गुण लिहीत होते. मान न उचलता म्हणाले, अनुभव आहे त्यांना.

दुसरी नर्स. तिने माझ्या शर्टाच्या खिशावर नळी ठेवून चष्म्याचं घर बराच वेळ ऐकलं आणि छाती साफ आहे म्हणून सांगितलं. चौथीने भूक कधीपासून नाही विचारलं. मी खरं ते बोललो, बायको गेल्यापासून. तिचे डोळे भरून आले. पुढची पाच मिनिटं मीच तिला धीर देत होतो. सरांनी तिला सहानुभूतीचे पूर्ण गुण दिले.

असे अकराजण झाले. मी पैज जिंकत चाललो होतो आणि डोकं तापत चाललं होतं. चहा पिताना सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, काका, थोडं कमी खोका, मुलांना स्वतःचे प्रश्न ऐकू येत नाहीत.

बारावी होती ती शिवणवाली. वयाने चाळिशीच्या पुढे. गेल्या वर्षापर्यंत कपडे शिवायची, आता आरोग्यसेविका झाली होती. लेखी परीक्षेत शेवटून पहिली. सरांनी तिची आशा सोडलेली, आणि तिनेही. घाईत तिने पॅडवर प्रश्नांचा कागद उलटा लावला होता. कागदाच्या पुढच्या बाजूला पेशंटची लक्षणं असतात, मागच्या बाजूला घरातल्या माणसांची चौकशी. प्रत्येकाला मिळणाऱ्या सात मिनिटांत मागच्या बाजूपर्यंत त्या दिवशी कुणीच पोचलं नव्हतं. हिने सुरुवातच तिथून केली.

“घरी पाच वर्षांच्या आतलं कुणी आहे?”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. चौदा वर्षं त्या खुर्चीत मी पोटभर खोटं बोललो होतो. हे एक येईना.

“आहे,” मी म्हणालो. “नात. तीन वर्षांची.”

सरांनी मान वर केली. “काका, कार्ड. तुम्ही एकटे राहता.”

“झोपते कुठे?” शिवणवालीचं सरांकडे लक्षच नव्हतं.

“माझ्याजवळ.”

“अहो काका, पदरचं घालू नका. मी गुण कसे द्यायचे?”

शिवणवालीने आता कागद बाजूला ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, कमरेकडे. मला उभं राहायला सांगितलं. चिमटीत पँटचा कमरपट्टा धरून ओढला, तर आत तिची मूठ गेली.

“ही पँट मापाने शिवलेली आहे,” ती म्हणाली. “आणि पट्ट्याला खिळ्याने दोन भोकं पाडलीत. सर, पट्ट्याचं कार्डात लिहिलंय का?”

सरांनी कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं. नव्हतं लिहिलेलं.

“काका, हा खोकला कुणाचा? कार्डाचा की तुमचा?”

“माझा,” मी म्हणालो, आणि खाली बसलो.

पुढे जो गोंधळ झाला तो विचारू नका. तक्ता टर्रकन फाटला, खिडकी उघडली. आपण किती मिनिटं आणि किती जवळ बसलो होतो, याचा हिशेब बाहेर सुरू झाला. खोकला जबरदस्त आहे हे सगळ्यात आधी मीच म्हणालो होतो, असं रेडिओ सगळ्यांना सांगत सुटला. नर्सने पुन्हा एकदा छाती ऐकू का म्हणून विचारलं. सरांनी शिवणवालीला पास केलं, पण कागद उलटा लावल्याचा एक गुण कापला.

मला मास्क लावून इमारतीच्या मागे मोकळ्यावर नेलं आणि शिवणवालीने हातात डबी दिली. खोल श्वास घ्यायचा, छातीतून खाकरायचं, हे मी कित्येक वर्गांना करून दाखवलं आहे. डबी भरून परत दिली. तिने ती उजेडात धरली.

“ही नुसती थुंकी आहे. बेडका पाहिजे.”

मी म्हणालो, बाई, हे मी शिकवतो. ती म्हणाली, मग येत असेल तुम्हाला, काढा. तिसऱ्या खेपेला निघाला. खिडकीत अकराजण ओळीने उभे होते आणि सर त्यांना समजावून सांगत होते, नीट बघा, असाच नमुना हवा.

दुपारी रिपोर्ट आला. जंतू होते, पण नेहमीच्या गोळ्यांना दाद देणारे. सहा महिने गोळ्या, एकही दिवस चुकवायचा नाही.

घरी सांगायला शिवणवाली सोबत आली. सून शांतपणे सगळं ऐकून घेत होती. मी तयारीत होतो, ती ओरडेल, रडेल. ती एवढंच म्हणाली, “बाबा, तीन आठवडे?”

तिघांना तपासलं. नातीचं वजन ठीक, खोकला नाही, छातीचा फोटो स्वच्छ. तो रिपोर्ट हातात येईपर्यंतचे दोन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिला आजार होऊ नये म्हणून तिलाही रोज एक गोळी, पाण्यात विरघळवून. तिची उशी आईच्या खोलीत गेली. पहिल्या दिवशी तिने घर डोक्यावर घेतलं.

आता सकाळी मी खोलीत खिडकीपाशी बसतो, ती दारात. पुढे यायचं नाही, हे तिला समजलं आहे. आधी तिची गोळी, मग माझी. गोळी पोटात गेली की नाही हे कसं बघायचं, ते शिवणवालीने तिला शिकवून ठेवलं आहे.

“आ करा,” ती म्हणते.

मी मास्क खाली करून आ करतो. एवढ्या लांबून तिला काही दिसत नाही. ती कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघते. मग सांगते, जीभ वर करा.