लग्नाचं जाकीट

अमेरिकेचे उपाध्यक्ष जोसाया पेनहॅलो त्या उन्हाळ्यात लेकीच्या लग्नाला का गेले नाहीत, हे मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. मी सिनेटचा कारकून. माझं मेज त्यांच्या उंच खुर्चीच्या पायथ्याशीच, तरी माणूस कितीसा कळतो?

तरुणपणी त्यांनी स्वातंत्र्ययुद्धात तोफांचे बैल हाकले, पुढे न्यू हॅम्पशायरचे राज्यपाल झाले, पडले, पुन्हा निवडून आले. आता सिनेटच्या सभापतीच्या खुर्चीत नुसतं बसायचं. चर्चेत बोलायचं नाही, दोन्ही बाजूंची मतं समसमान झाल्याशिवाय मतही द्यायचं नाही.

प्रथा अशी, की अधिवेशन संपत आलं की उपाध्यक्षांनी घरची वाट धरायची. मग त्या रिकाम्या खुर्चीसाठी सिनेट आपल्यातला एक हंगामी सभापती निवडी; उपाध्यक्ष बसून असले तर निवडच नाही. राष्ट्राध्यक्ष, उपाध्यक्ष दोघांचंही बरंवाईट झालं, तर देश त्याच्या हाती. एरवी हा नुसता उपचार. पण यंदा इंग्रजांशी युद्ध चाललेलं, राष्ट्राध्यक्ष तापाने अंथरुणावर, पेनहॅलोंची छाती खोकून पोखरलेली. आणि निवडून येणार होते सिनेटर ब्रॅडक, ज्यांना हे युद्धच नको होतं.

पेनहॅलोंची ट्रंक ते राहत त्या खानावळीच्या जिन्याखाली बांधून तयार होती. ते मात्र हलेनात.

ब्रॅडक रोज खुर्चीपाशी येत. "अहो पेनहॅलो, मेहिटेबलच्या लग्नाला बाप नको? का मीच जाऊ तुमच्याऐवजी?"

"जा की. तुम्ही निघालात की मीही निघतो."

"बोलायचं नाही, मत द्यायचं नाही. इथे करता तरी काय?"

"बसतो."

सगळे हसले. मला वाटलं, हे कर्तव्य की म्हाताऱ्याचा हट्ट?

लग्नाच्या दिवशी ते निळं, पांढऱ्या बटणांचं नवंकोरं जाकीट घालून आले. ट्रंकेतल्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. दुपारी खाली वाकून मला म्हणाले, "आता केक कापत असतील, नाही?"

ब्रॅडक नेहमीसारखे पुढे आले, जाकीट पाहिलं आणि तसेच मागे फिरून जागेवर जाऊन बसले.

अधिवेशन संपलं तेव्हा पेनहॅलो खुर्चीतच होते. कोणाची निवड झाली नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंक गाडीवर चढवायला ब्रॅडकनीच दुसरी कडी धरली.

"राष्ट्राध्यक्ष आज उठून बसले म्हणे. सूप प्याले. उगाच थांबलात हो."

"तसंच दिसतंय."

"लेकीला काय सांगणार?"

पेनहॅलोंनी जाकिटाचं एक बटण चाचपलं. "तेच तर रस्ताभर शोधायचंय," म्हणाले, आणि गाडीत चढले.