मनकवडे महाराज आणि अडकलेले सर

तळघरातल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर मनकवडे महाराज डोळे मिटून बसले होते आणि समोर एक शिंपीण पदराने डोळे पुसत उभी होती.

"मुलगा दूर आहे. तू लिहितेस, तो उत्तर देत नाही. बरोबर?"

"बरोबर," म्हणत ती खालीच बसली. हॉलभर कुजबूज पसरली.

"मी माणूस वाचत नाही," महाराज गोड हसून म्हणाले. "मी फक्त त्याची लहर पकडतो."

शेवटच्या रांगेत विज्ञानाचे सर हाताची घडी घालून बसले होते. त्यांना ताईने, म्हणजे थोरल्या बहिणीने, ओढून आणलं होतं. हातातून राख काढणं, पाण्याने कागद पेटवणं असले चमत्कार सरांनी वर्गात किती वेळा करून दाखवले होते. त्यामुळे आपल्याला कोणी बनवू शकत नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. त्यातून हल्ली ते सायबर सुरक्षाही शिकत होते. शाळेचा संगणक व्हायरसने बंद पडला तेव्हा सगळ्या शिक्षकांसमोर "मी बघतो" असं बोलून बसले आणि मग अब्रू राखण्यासाठी ऑनलाइन सरावाचा वर्ग लावला. त्यात पुस्तकी काही नव्हतं. ब्राउझरमध्ये सरावाचा एक संगणक उघडायचा, त्यात स्वतः घुसायचं, चोर कसा येतो ते करून बघायचं आणि मग ती वाट बुजवायची. संगणक बिघडला तर बटण दाबून नवा घ्यायचा. सरांनी इतके बिघडवले होते की रोज चहा देताना बायको विचारायची, "आज किती मारले?" ते दुसऱ्याच सरावावर रुतले होते आणि रोज सकाळी वर्गाकडून मेल यायचा: तुम्ही अजून दुसऱ्या सरावावर आहात, हार मानू नका.

"हॉलचं वायफाय जोड," ताई म्हणाली. "इथे रेंज नसते. जोडलं की महाराजांचा संदेश येतो."

सरांनी जोडलं. एक देखणं पान उघडलं. त्यात ईमेल आणि त्याचा पासवर्ड विचारला होता. पासवर्ड कुणाला देऊ नये, असं सरांनी त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गाला पोटतिडकीने सांगितलं होतं. सरांनी तो टाकला आणि चष्मा पुसला.

थोड्या वेळाने महाराजांनी बोट दाखवलं. "शेवटच्या रांगेतले गुरुजी. या वयात काहीतरी शिकताय. पण दुसऱ्या पायरीवर अडकलाय. हार मानू नका."

सरांच्या अंगावर काटा आला. ही गोष्ट बायकोशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

पाठोपाठ ताईची पाळी आली. तिच्या गळ्याला गाठ होती आणि सर्जनने तारीख दिली होती. "गळ्याशी सुरी येतेय," महाराज म्हणाले. "ती थांबव. गाठ मी विरघळवतो."

परतताना ताईने विचारलं, "आता तरी पटलं का तुला?"

"काहीतरी आहे खरं त्याच्यात," सर म्हणाले.

ताईला तेवढं पुरलं. ऑपरेशन रद्द करायचं तिने ठरवून टाकलं. घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही अडकलाय हे तुमच्या तोंडावरच दिसतं. त्याला महाराज कशाला लागतो?" सरांना ते लागलं. त्याच रागात ते हट्टाने सरावाला बसले आणि दुसरा सराव एकदाचा सुटला.

तिसऱ्यात खोटं लॉगिन पान बनवायचं होतं. सरांनी पायरीपायरीने ते बनवलं, मग सरावातल्या एका काल्पनिक गिऱ्हाइकाच्या नावाने त्यात पासवर्ड टाकला. स्क्रीनवर चोराला दिसणाऱ्या काळ्या खिडकीत तो जसाच्या तसा उमटला. हॉलमधलं ते देखणं पानही असंच होतं. मग त्यांनी स्वतःचा मेल उघडून कुठून कुठून लॉगिन झालंय ते तपासलं. सत्संगाच्या वेळी एक अनोळखी उपकरण त्यांचा मेल वाचून गेलं होतं.

"मी गाढव आहे," ते बायकोला म्हणाले.

"हे मी लहरीवरून कधीच ओळखलं होतं," ती म्हणाली.

ताईला नुसतं सांगून ती ऐकणारी नव्हती. सरांनी स्वतःचा पासवर्ड बदलला, एक नवा ईमेल उघडला आणि त्यावर स्वतःलाच रडके मेल पाठवले: जुळा भाऊ नदीत बुडाला, त्याचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही. पुढच्या सत्संगाला त्यांनी त्या पानात हाच नवा पत्ता आणि त्याचा पासवर्ड भरला. सोबत बायकोही आली, फोन घरी ठेवून.

महाराजांनी सरांना पाहिलं आणि आवाज खोल केला. "नदी दिसतेय. तुमच्यासारखाच चेहरा. तुमचा जुळा."

सर उठले. "ताई, आपल्याला जुळा भाऊ आहे का गं?"

ताई गोंधळून म्हणाली, "तू एकटाच आहेस. तेवढाच आईला पुरे झाला."

"मागच्या जन्मातला असेल," कोणीतरी म्हणालं आणि अर्ध्या हॉलने मान डोलावली.

"मग माझ्या मनातलं सांगा," बायको पुढे झाली. "माझ्याकडे फोन नाही."

महाराजांनी बराच वेळ डोळे मिटले. "बाईंचं मन बंद आहे."

"लग्नापासून हेही तेच म्हणतात."

लोक हसले. ते हसू ओसरायच्या आत सरांनी वायफायचं पान, नवा ईमेल, भावाचे मेल, सगळं सांगितलं. "आणि मी स्वतः पासवर्ड दिला होता. मी, विज्ञानाचा शिक्षक," हेही सांगितलं. शिंपिणीने सगळ्यांत आधी फोन काढला. "मुलाला मी मेलच करते," ती हळूच म्हणाली. पडद्यामागे बसून लोकांचे मेल वाचणारा आणि महाराजांच्या कानातल्या यंत्रात ते सांगणारा लॅपटॉपवाला मागच्या दाराने निघाला होता. त्याला दोघांनी धरून ठेवलं. सायबर पोलीस आल्यावर महाराजांनी पहिलं काय मागितलं असेल, तर वकील.

ताईचं ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. शुद्धीवर आल्यावर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मी फसले ते ठीक. तू कसा फसलास?"

"मला वाटत होतं, मी फसणारच नाही," सर म्हणाले. "त्यामुळे तपासलंच नाही."

तेव्हा वाचकहो, कोणी तुमच्या मनातलं बोलून दाखवलं तर हात जोडायची घाई करू नका. ती गोष्ट तुम्ही कुठे लिहिली होती आणि तिथली किल्ली कुणाच्या हाती दिली होती, एवढं आधी आठवा. नाहीच आठवलं तर पासवर्ड बदला, आणि डॉक्टरने दिलेली तारीख मात्र बदलू नका.