राखणदारावर टेकलेलं चाक

मी एक जुनी नकल आहे. पूर्ण नाव स्टिअरिंग नकल. मुक्काम कुडपण, तालुका पोलादपूर. सध्या मी महिपतच्या बकऱ्यांच्या गोठ्याबाहेर, फाटकाच्या दोरीला लटकलेली असते.

हसू नका, मित्रांनो. गाडी म्हटलं की तुम्हाला चाक आठवतं, हॉर्न आठवतो, मागच्या काचेवर लिहिलेलं नाव आठवतं. मी कुणालाच आठवत नाही. आता एक करा. हात समोर धरा आणि पंजा डावीकडे वळवा. वळला ना? कारण मध्ये मनगट आहे. जीपच्या पुढच्या चाकाचं मनगट म्हणजे मी. स्टिअरिंगने सांगायचं, चाकाने ऐकायचं, आणि निरोप पोचवायचा मी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लालभडक लोखंडाचा गोळा साच्यात घालून असा दणका दिला की मला हात, खांदे, भोकं सगळं एका दमात फुटलं. मग मला जीपच्या डाव्या बाजूला बसवलं आणि जीप आली थेट कुडपणच्या डोंगरावर, महिपतच्या दारात. वाडीतली सगळी माणसं बघायला जमली होती. महिपतची आई चंद्राबाई हिने ओवाळलं. हार बॉनेटला मिळाला आणि लिंबू चाकाखाली गेलं. माझ्या वाट्याला लिंबाचे दोन शिंतोडे आले. तेवढ्यावर मी खूश झाले.

आमचं काम सोपं नव्हतं. घाटातली वळणं अशी की एक संपलं म्हणेस्तोवर दुसरं हजर. पोलादपूरच्या बाजाराला निघालेल्या बायका, त्यांच्या टोपल्या, कोंबड्या, मुंबईहून सणाला आलेली आणि चढावर डोळे मिटून बसलेली पोरं, सगळ्यांना मी वळवून आणलं. आणि रोज सकाळी माझ्या बरोबर डोक्यावरच्या सीटवर बसायची समीक्षा. महिपतची मुलगी, पोलादपूरच्या शाळेत नववीला. ती बसली की गाडीतलं रेडिओचं काम संपायचं, कारण घाट उतरेपर्यंत तिचं तोंड चालू. वर्गात कोण काय म्हणालं, कबड्डीत कोणाला कसं पाडलं. मला ते सगळं पाठ आहे.

आता त्या दगडाचं सांगते.

महिपतच्या घराचं अंगण उतरतं आहे. अंगणाच्या खालच्या टोकाला गोठा. जीप नवी असताना एका संध्याकाळी तिचा ब्रेक सुटला आणि ती रिकामीच गोठ्याकडे धावत सुटली. गोठ्यात सगळी जनावरं बांधलेली. पण मध्ये एक अर्धा पुरलेला काळा दगड होता. चाक त्याला अडलं, जीप थांबली. एका करडालासुद्धा धक्का लागला नाही. चंद्राबाईने त्याच दिवशी दगडाला खोबरेल तेलात कालवलेला शेंदूर लावला आणि सांगून टाकलं की हा आपला राखणदार. तेव्हापासून दसऱ्याला पहिला नारळ त्याला, दुसरा जीपला. दर अमावस्येला ताजा शेंदूर.

महिपतनेही राखणदारावर विश्वास टाकला, पण तो आपल्या पद्धतीने. बॅटरी जुनी झालेली, सकाळी थंडीत गाडी उठायची नाही. म्हणून तो संध्याकाळी जीप उतारावर तोंड करून लावायचा, चाक डावीकडे वळवायचा आणि ब्रेक सोडून हळूच दगडावर टेकवायचा. सकाळी स्टिअरिंग जोर लावून सरळ ओढलं की चाक दगडाला घासत सुटायचं, जीप गोठ्याच्या बाजूने उतारावर घरंगळायची आणि चालू व्हायची. झकास युक्ती. फक्त रात्रभर अख्ख्या जीपचा भार एका मनगटावर, आणि सकाळी तेच मनगट पिरगाळायचं. तुमचं दुखलं असतं की नाही?

मी वाकले. एकदम नाही, अगदी केसाकेसाने. डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच नव्हतं. पण जीप आपोआप डावीकडे जायला लागली. टायर एका कडेनेच झिजायचा. महिपतने टायर बदलला, नवाही तसाच झिजला. मग एक दिवस घाटाच्या वळणावर, गाडी माणसांनी भरलेली असताना, स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं तरी मला वेळेवर वळता आलं नाही. दरीकडच्या कठड्याला आरसा घासला. समीक्षाचं बोलणंसुद्धा मध्येच तुटलं, यावरून काय ते समजा.

त्या रात्री जेवताना महिपत म्हणाला की गाडी म्हातारी झाली, आता लोकांचा जीव धोक्यात घालायचा नाही. विकायची. मुंबईला भावाकडे जाऊन तिथे दुसऱ्याची गाडी चालवायची. समीक्षाने दहावी तिकडेच करावी. शाळेच्या वेळेला दुसरं वाहन नाही, तर पोरगी रोज जाणार कशी? समीक्षाने भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. तिला कबड्डीचं कप्तानपद मिळून आठवडाही झाला नव्हता. तिने एवढंच मागितलं की विकायच्या आधी एकदा महाडला दाखवू या.

महाडला महामार्गालगत चंदू मिस्त्रीचं गॅरेज आहे. आम्ही हळूहळू, कडेकडेने तिथे पोचलो. मिस्त्रीने जीप उचलली, चाक काढलं, ब्रेकचा भाग तारेने वर टांगून ठेवला. मग माझ्या हातापायांचे नट सोडले आणि हातोडीचे दोन ठोके माझ्या खांद्यावर मारले. मला धरून ठेवणारा बॉल जॉइंट सुटला आणि मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा उजेडात आले. नवी नकल तेलकट कागदातून निघाली. आम्हा दोघींना शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा माझा बाक सगळ्यांना दिसला. खरं सांगू? लाज वाटली.

मिस्त्रीने विचारलं की गाडी कुठे आदळली का. महिपतने आईची शपथ घेतली, कुठेच नाही.

"मग ऐक," मिस्त्री म्हणाला. "नवी घालून देतो, गाडी सरळ धावंल. पन हिला कशानं वाकवलं ते नाय कळलं, तर नवी पन वाकनार. आन मग घाटात काय होईल ते मला इचारू नको."

महिपतने मान हलवली. म्हणजे विकलेलीच बरी, असं तो पुटपुटला.

समीक्षा काढलेल्या चाकावर बसून राहिली होती. ती उठली तेव्हा तिच्या गणवेशाला नारिंगी डाग लागला होता. गंज म्हणून तिने झटकला, तर तो पसरला. तिने बोटाने टायरची कड पुसली, बोटाचा वास घेतला. खोबरेल तेल. गंजाला कुठे खोबरेलाचा वास येतो?

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ह्यो आपल्या राखणदाराचा शेंदूर हाय."

महिपतने बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. पण तोंडावर आनंद येण्याऐवजी भीती आली. "दगूड हलवावा लागंल, ह्ये आईला कोन सांगनार गो?" तो म्हणाला.

परतीच्या वाटेवर मी गोणपाटात गुंडाळलेली, समीक्षाच्या मांडीवर. जुना भाग घरी न्यायचा, ही आमच्याकडची रीत. खाली नवी नकल लोण्यासारखी वळत होती. थोडा हेवा वाटला, लपवत नाही. समीक्षा ओठातल्या ओठात वाक्यं जुळवत होती. आजी रागावणार नाही ना. आजी, देव तोच आहे, पण. प्रत्येक वाक्य 'पण'पाशी अडकत होतं.

शेवटी तिने काहीच जुळवलं नाही. अंगणात उतरून मला सरळ चंद्राबाईच्या पुढ्यात ठेवलं, शेंदराचं बोट दाखवलं आणि झालं ते सांगितलं. दगड हलवावा लागेल, हेही सांगितलं. महिपत जीपच्या आडच उभा.

चंद्राबाईने माझ्या बाकावरून हात फिरवला. मग ती दगडाकडे गेली, वाकली, आणि त्याच्या कडेला टायरने उमटलेला काळा पट्टा बघितला. तिने अमावस्येला शेंदूर लावावा आणि तो पट्टा पुन्हा उमटावा, असं चाललेलं. तिला वाटायचं पावसाने होतं.

"म्हयपती, हिकडं ये," ती म्हणाली. महिपत आला. "देवाला पाय लागला तर कानाला हात लावतोस ना? आन रोज चाक लावतोस? राखणदार हाय तो, गाडीची उशी नाय."

महिपतने कानाला हात लावला.

"दगूड हलनार नाय," चंद्राबाई म्हणाली. समीक्षाचा चेहरा पडला. "गाडी हलवा. वर जांभळीखाली सपाट जागा हाय, तिथं लावा. बॅटरी नवी घ्या. आन माझी नात कुठं जायची नाय."

झालं. इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं, कारण कुणी तिला विचारलंच नव्हतं. महिपतने मुंबईला फोन लावला आणि भावाला सांगितलं की एवढ्यात येत नाही. समीक्षा आत जाऊन आधी भाकरी खाऊन आली, मग सगळ्या मैत्रिणींना फोन.

मला भंगारात टाकणार होते. समीक्षाने माझ्या भोकातून दोरी ओवली आणि गोठ्याच्या फाटकाला बांधली. आता फाटक उघडून कुणी आत गेलं की माझ्या वजनाने ते मागून आपोआप लागतं. करडं बाहेर पळत नाहीत. समोर राखणदार बसलेला असतो. त्याच्या अंगावर काळा पट्टा नाही. त्याने एकदा करडं राखली, आता मीही राखते.

मित्रांनो, दसऱ्याला गाडीला हार घाला, जरूर घाला. पण त्याआधी एकदा खाली वाका आणि चाकामागे बघा. तिथे कुणीतरी निमूटपणे भार घेऊन उभी असते. तिला बोलता येत नाही. तुम्हाला येतं ना? मग विचारा.