नववीतून काढलेली मास्तरीण

१९९७ साली दहावीत माझं इंग्रजी गेलं. पुन्हा गेलं तर सातपूरच्या वर्कशॉपात, असं दादांनी सांगून टाकलं. वाक्यातला कर्ता आणि क्रियापदच मला सापडत नव्हतं. मग मंजुषाताईने पडवीत हार ओवता ओवता शिकवलं.

"जो करतो त्याच्यावर झेंडू ठेव. जे करतो त्याच्यावर तुळशीचं पान."

मी पहिल्याच शब्दावर, 'येस्टरडे'वर, झेंडू ठेवला.

"मेल्या, पुढं दिसला की हार घालायचा? पुढारी हाय का तो? आधी पान ठेव, मग धनी शोध."

तो झेंडूचा उग्र वास अजून नाकात आहे. रागही आहे. ताई माझ्यापेक्षा हुशार होती. हारांना हात कमी पडतात म्हणून तिलाच नववीतून काढलं, आणि मी गप्प बसलो.

ऑक्टोबरात पेपर देऊन आलो. ताईने प्रश्नपत्रिका हिसकावून घेतली, कर्ता-क्रियापदाच्या दहाही वाक्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि माझी उत्तरं विचारली. आठ जुळली.

"सुटलास रे, ज्ञानेश!"

"मंजे, फुलं सुकत्यात," आई ओरडली.

"आले," म्हणत ताईने वही ओढली आणि त्याच प्रश्नपत्रिकेतला निबंध लिहायला घेतला.