लव्हाळ्यातली मरळ

मी मरळ बोलतेय. नाक मुरडू नका. वास माझा नाही, पाण्याचा आहे.

महागावच्या पुढं बंजाऱ्यांचा एक तांडा आहे आणि तांड्याच्या वरच्या अंगाला पाझर तलाव. मातीचा लांबलचक बांध, बांधाखाली तांड्याची पिण्याची विहीर आणि बाकी सगळीकडे पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. याच तलावात, लव्हाळ्याच्या बुडाशी मी जन्मले. मरळीची पिल्लं लहानपणी लालभडक असतात आणि घोळका करून राहतात. सगळा घोळका एकदम वर येतो, एकदम खाली जातो. खाली आई असते. आमची आई बगळा दिसला की अशी उसळायची की त्याला पळता भुई थोडी व्हायची. लाडकोड आमच्यात नाहीत, पहारा मात्र कडक.

मोठी झाल्यावर मरळीचं नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. वर यावं लागतं, तोंड उघडून हवा घ्यावी लागते. रोहू आणि कटले याला हसत असतील असं मला उगाच वाटायचं. ते पडले बाहेरचे. तांड्यातल्या सुनीलकडे तलावाची मासेमारी आहे, तो दरवर्षी त्यांची बोटभर पिल्लं फुगवलेल्या पिशव्यांतून आणतो आणि पाण्यात सोडतो. चार दिवसांत ते असे मिरवायला लागतात, जणू तलाव त्यांच्याच नावावर आहे.

पूर्वी कितीही ऊन तापलं तरी तळाशी गारवा मिळायचा. दुपारी मी चिखलाला पोट लावून पडायचे. आता तो चिखलही कोमट लागतो. उन्हाळा तापणारच, त्याला काय म्हणायचं? पण हल्ली श्रावणातही पाऊस दडी मारतो आणि ऊन चैत्रासारखं भाजतं. त्यात शेतांतला युरिया वाहून येतो, पाणी हिरवंगार होतं, शेवाळ माजतं आणि मग सडतं. तापलेल्या पाण्यात आधीच श्वास कमी, उरलेला ते शेवाळ खातं.

अशाच एका सकाळी रोहू-कटले सगळे वर आले. तोंडं उघडी, डोळे तारवटलेले. बांधावरून सुनील ओरडला, "या बे सारे! आज जाळंबी लागत नाही, हातानं धरा मासोळ्या!"

तांडा टोपल्या घेऊन धावला. मासे आज असे आयते हातात का येताहेत, हे कोणी विचारलं नाही. देवीलालची बायको लालीबाई तेवढी एक मासा उलटासुलटा करत म्हणाली, "सुनील, याच्या अंगाले लाल चट्टा हाये रे."

"तेवढा तुकडा कापून फेक ना काकी. बाकी मासोळी चांगली हाये."

मी लव्हाळ्यातून बघत होते. त्या दिवशी मला रोहूंची पहिल्यांदा कीव आली. पुढं तो चट्टा मलाही आला. आधी एक खवला सुटला, मग अंगावरचा बुळबुळीतपणा गेला, मग तिथं खड्डा पडला. थंड पाण्यात तो भरून आला असता. कोमट पाण्यात तो वाढतच गेला.

तरी या वर्षी मी अंडी घातली. तलाव आटत चालला होता, म्हणून पलीकडच्या टोकाला, लव्हाळ्यातल्या खोल कोपऱ्यात जागा धरली. पिल्लं झाली. पूर्वीच्या मानानं थोडी आणि किडकिडीत, पण लाल होती, घोळक्यानं वरखाली करत होती. माझा जीव त्यांच्यात गुंतला होता. एवढी वाढली की झालं, मग माझं काही का होईना, असं मी स्वतःला सांगायचे.

आता देवीलालचं सांगते. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागच्या वर्षी त्यानं फवारणीचा पंप गोठ्यातल्या टाक्याशी धुतला, तेच पाणी बैल प्याला आणि जागच्या जागी कोसळला. तेव्हापासून देवीलाल फार जपतो. गोठ्याजवळ पंप नेत नाही. विहिरीवर तर नाहीच नाही.

"विहिरीवर पंप दिसला तर भाकर भेटणार नाही तुमाले," लालीबाईनं बजावलं होतं.

"मी का येडा हावो? तिकडं लव्हाळ्यात धुतो ना. तिथं कोणीच जात नाही."

कोणीच जात नाही, म्हणे! मी आणि माझी पिल्लं तिथंच होतो.

त्यानं पंप बुडवला, हलवला, पालथा केला. दुधासारखं पांढरं पाणी लव्हाळ्यात पसरलं. पिल्लं नेहमीसारखी घोळक्यानं वर आली. खाली मात्र आली नाहीत. मी खालून धडका देत होते, चला, चला रे खाली. ती एकेक करून तिरपी होत गेली आणि त्यांचा लाल रंग उतरत गेला. मी वाचले, कारण माझा श्वास हवेतला. असं वाचून काय करायचं, हे मला आजही कळत नाही. मी कितीतरी वेळ त्या रिकाम्या पाण्याखाली पहारा देत राहिले.

चार दिवसांनी तांड्याची तीज होती. लग्न न झालेल्या पोरी टोपल्यांत गहू पेरतात, गाणी म्हणत त्याला पाणी घालतात आणि शेवटी हिरवे कोंब पाण्यात सोडतात. देवीलालची जया त्यात सगळ्यांत मोठी. तिचं लग्न ठरलेलं, म्हणून तिची ही शेवटची तीज. नेहमीच्या उतारावर पाणी आटून हिरवा रेंदा झाला होता.

"अशा घाणीत कायले सोडायची तीज?" जया म्हणाली. "तिकडं लव्हाळ्यात चांगलं खोल पाणी हाये."

आणि पोरी माझ्या कोपऱ्यात उतरल्या. कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून गात होत्या, गाता गाता रडत होत्या. जयानं ओंजळ भरून डोळ्यांना लावली. माझ्यानं राहवलं नाही. मी बगळ्याला देतात तशी तिच्या पायाला धडक दिली. ती किंचाळली, मग हसली, मग तिला मी नीट दिसले.

"याडी, पाह्य ना! या मासोळीच्या अंगाले भोक पडलं वो!" तिनं आईला हाक मारली.

बांधावर देवीलाल माणसांत उभा होता. पोरी कुठं उतरल्यात, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

"बाहेर या! साऱ्याजणी बाहेर निघा पयले!"

"काहून ओरडून राह्यले?" लालीबाई म्हणाली. "पोरीयची तीज हाये आज."

सगळा तांडा बघत होता. देवीलाल म्हणाला, "काही नाही. पाणी खोल हाये तिथं." मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "घरी गेल्याबरोबर जयाले साबण लावून आंघोळ घाल."

"कायले?"

तो पाठ फिरवून घराकडं चालू लागला. दुसऱ्या दिवशी लालीबाई शेजारणीला सांगत होती, जयाच्या हातापायांची आग होऊन राह्यली, डोळेही लाल झाले, उष्णतेनं असंन.

देवीलालनं लव्हाळा सोडला. फार घाबरला होता बिचारा. पुष्कळ विचार करून त्यानं नवी जागा शोधली, बांधाच्या आतल्या अंगाची, दगडांची. तिथं ना पोरी उतरत, ना ढोरं. दोनदा पंप धुऊन गेला आणि निश्चिंत झाला.

पण पाझर तलावाचं पाणी कुठं पाझरतं? त्या दगडांखालून पाणी सारखं ओढलं जातं, माझ्या पोटाला ते जाणवतं. सगळ्या तलावात तेवढीच जागा जरा गार उरली आहे, म्हणून मीही तिथंच आले. माझ्या पोटात पुन्हा अंडी आहेत. अंगावरचा खड्डा आता शेपटीपर्यंत पोचलाय.

आत्ता तो बांधावरून येतोय. पाठीवर पंप आहे. बांधापलीकडं विहिरीवरची मोटर सुरू झाली, म्हणजे लालीबाई पाणी भरतेय. मी त्याच्यापुढं वर येते, तोंड उघडते, पुन्हा खाली जाते. त्याला वाटतं मासोळी खेळतेय. याहून जास्त मला काही येत नाही. तुम्हाला बोलता येतं ना? मग त्याला हाक मारा. थांबेल तो, भला माणूस आहे.