फाट्यावरचा व्हॉल्व्ह

“मी काही उठत नाही, पुंजाजी. मले पाइपासकट उचल,” असं म्हणत रुखमाबाई पाइपावर आणखी ऐसपैस बसली. तिच्या दोन्ही बाजूंना गावातल्या बायका.

पुंजाजी म्हणजे माझे सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते; जन्मभर पाइप जोडत आलेले. नव्या नळयोजनेची लाइन आमच्या गावाकडे फुटते त्या फाट्यावर त्यांनी पाइपाचा साधा तुकडा तात्पुरता बसवला होता. आधी लाइन धुऊन काढायची, गाळ-खडे निघून गेले की तो तुकडा काढून तिथे व्हॉल्व्ह बसवायचा. नाहीतर पहिलाच खडा व्हॉल्व्हमध्ये अडकतो. पण गाळ गेला आणि मागून गोड पाणी आलं. आमच्या खारपाणपट्ट्यात गोड पाणी, तेही धो धो. बायकांनी हंडे भरले, मग फवारणीचे ड्रम घासून आणले. विषाचे ते ड्रम मी लांबूनच पाहत होते. आता व्हॉल्व्ह बसला की आमचं पाणी आपोआप आवळलं जाणार आणि शेवटच्या वाडीपर्यंत पोचणार, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

“धम्मशीला, तू शिकेल हायेस. समजव यायले,” मामाजी मला म्हणाले.

मुलगी माझ्या खांद्यावर झोपली होती. खाऱ्या पाण्यात कालवलेलं दूध ती ओकायची. गोड पाणी आल्यापासून तिच्या पोटात दूध ठरत होतं. मी रुखमाबाईशेजारी जाऊन बसले.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. खांद्यावरचा भिजलेला दुपट्टा काढून त्यांनी नातीच्या डोक्यावर टाकला. “बस. पोरीले ऊन लागू नको देऊ.” आणि समोरच्या बांधावर जाऊन टेकले.

पाइप गार होता. आतल्या पाण्याची थरथर मांड्यांतून अंगात चढत होती. बोंडअळीनं खाल्लेल्या बीटी कपाशीत मेंढ्या सोडलेल्या. हललं ते मेंढी, न हललं ते कापूस. याच कपाशीपायी मुलीचे वडील सुरतेला कामाला गेले होते. माझे डोळे जड झाले. वाटलं, आम्ही सगळ्याजणी एका नावेत बसलोय आणि ती सावकाश कुठेतरी चाललीय.

त्या कपाशीतून एक बाई आली. कडेवर पोर, हातात रिकामी कॅन. शेवटच्या वाडीवरची.

“पाणी सोडलं का वो बाई?”

एकीनं पायाजवळचा भरलेला हंडा पदराआड ओढला.

“आमच्या नळाले नुसतं वारं येते. शीळ घालते थो. याले वाटते गाणं हाय, नळाखाली जाऊन नाचते.” ती हसली. “तुम्हीबी वाट पाहून राह्यल्या का?”

रुखमाबाईनं तोंड फिरवलं, पण सरकून जागा दिली. ती माझ्याशेजारी टेकली. तिच्या पोरानं हात लांबवला, दुपट्ट्याचं ओलं टोक तोंडात घेतलं आणि डोळे मिटून चोखू लागलं.

मी उठले.

“आता तुह्या पोरीले काय पाजशीन?” रुखमाबाईनं विचारलं. मग एकेक बाई उठली. रुखमाबाई सगळ्यांत शेवटी.

“पुंजाजी, माह्या दारी ताक प्याले येऊ नको आता.”

“नाही येत,” मामाजी म्हणाले आणि पाना उचलला. व्हॉल्व्हवरचा बाण पाण्याच्या वाटेनं धरून ते समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत गेले, तान्ह्याचं टोपडं बांधावं तसे.

संध्याकाळी आमच्या नळाला सुतासारखी धार होती. मी तिच्याखाली बाटली धरून बसले. मामाजी आले तशी बाजूला झाले. ते थांबले नाहीत, तांब्या घेऊन मागच्या खाऱ्या हापशीकडे गेले. हापशी बराच वेळ वाजत राहिली. हात धूत असतील. मग थांबली. आणि जरा वेळानं पुन्हा एकदाच वाजली, पिण्यापुरती.